सप्तकोनाचे सातवे टोक

श्रावणातल्या एका संध्याकाळी माझी भाची स्वयंपाकघरातल्या टेबलावर चित्रकलेची वही पसरून बसली होती आणि मी तिच्यासमोर घेवडा निवडत होते. ती आठवीत आहे आणि सप्टेंबरमध्ये तिला एलिमेंटरीच्या परीक्षेला बसायचे आहे. संकल्पचित्रातल्या पाना-फुलांमध्ये ती बराच वेळ रमली होती. ते संपवून तिने नाइलाजाने कंपास उघडला, वर्तुळ काढण्यापूर्वी त्याचे टोक कागदावर टेकवून ठेवले आणि मला विचारले, "मावशी, चित्रकलेच्या परीक्षेत भूमिती कशाला गं असते?" मी मान वर न करताच म्हणाले, "अभ्यासक्रमात आहे म्हणून." ती "बरं" म्हणाली आणि वर्तुळ काढू लागली. झाले ते एवढेच. पण रात्री ओटा पुसताना मला ते "बरं" पुन्हा ऐकू आले. तिने वाद घातला असता, कुरकुर केली असती, तर मला काही वाटले नसते. तिने माझे उत्तर मुकाट्याने मान्य केले, हे मला लागले. कारण तिच्या वयाची असताना हाच प्रश्न मीही विचारला होता आणि मला मिळालेले उत्तर याहून कितीतरी चांगले होते.

आमच्या शाळेचा चित्रकलेचा वर्ग वरच्या मजल्यावर, टोकाला होता. दार उघडले की पेन्सिलीच्या सालपटांचा, पोस्टर कलरच्या बाटल्यांत साचलेल्या पाण्याचा आणि जुन्या गोंदाचा मिळून एक वास यायचा. आजही स्टेशनरीच्या दुकानात कधी तो वास आला की माझे पाऊल अडते. परीक्षेच्या आधीचे दोन महिने रविवारी सकाळी जादा तास असत. एका टेबलावर चादरीच्या चुण्या पाडून तांब्या, दोन वांगी आणि एक जाडजूड पुस्तक मांडलेले असे, ते वस्तुचित्र. स्मरणचित्राला आठवडी बाजार, पाणवठा, बसस्थानक असे विषय ठरलेले असत आणि माझ्या प्रत्येक चित्रात एक डोक्यावर पाटी घेतलेली बाई हमखास असे, कारण मला पाठमोरी माणसेच नीट जमत. संकल्पचित्र सगळ्यांना आवडे. चौथ्या प्रश्नपत्रिकेचे नाव ऐकले की मात्र वर्ग गप्प होई. कर्तव्य भूमिती.

या नावाचा तेव्हा फार धाक वाटे. कर्तव्य म्हणजे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हक्कांच्या शेजारी दिलेली यादी, एवढेच ठाऊक होते. त्यामुळे भूमितीचेही आपण काही देणे लागतो, असा अर्थ मी मनाशी लावला होता. सरांनी एका रविवारी तो शब्द फळ्यावर फोडून दाखवला. कर्तव्य म्हणजे जे करायचे आहे ते. गणिताच्या तासाला भूमिती सिद्ध करायची असते, येथे ती करायची असते. गणिताच्या तासाला वर्तुळ वेडेवाकडे निघाले तरी सिद्धता चुकत नाही. येथे रेषा केसभर जाड झाली की उत्तर चुकले. हे सांगताना ते हातातल्या 2एच पेन्सिलीचे टोक पॉलिश पेपरवर घासत होते. गोल टोक नव्हे, छिन्नीसारखे चपटे टोक. ती पेन्सिल पट्टीला टेकवून त्यांनी एक रेषा ओढली. फिकट, पण टोकापासून टोकापर्यंत एकसारखी असलेली ती रेषा मला अजून दिसते. त्याच दिवशी मी त्यांना विचारले होते, "सर, पण मग ही चित्रकला कशी?" ते म्हणाले, "अगं, एका रेषेचे हे दोन धंदे आहेत. एकीकडे ती चित्र काढते, दुसरीकडे दरवाजा बसवते. तुला दोन्हीकडची रेषा ओळखता यायला हवी."

माझे वैर होते ते सप्तकोनाशी. षटकोनाचे सोपे असते, कारण वर्तुळाची त्रिज्याच कंपासात धरून परिघावर सहा पावले टाकली की सहावे पाऊल बरोबर पहिल्या बिंदूवर येऊन पडते. तसे ते पडले की पोटात काहीतरी जागेवर बसल्यासारखे वाटे. सप्तकोनाला मोठा खटाटोप करावा लागे. व्यासाच्या एका टोकातून तिरकी रेषा काढायची, तिच्यावर सात सारखी अंतरे घ्यायची, शेवटचा बिंदू व्यासाच्या दुसऱ्या टोकाला जोडायचा आणि गुण्या पट्टीवरून सरकवत सरकवत समांतर रेषांनी व्यासाचे सात भाग पाडायचे. मग पूर्ण व्यासाएवढी त्रिज्या घेऊन दोन्ही टोकांतून कंस काढायचे, ते जेथे छेदतील तेथून व्यासाच्या दुसऱ्या भागाच्या खुणेतून रेषा पलीकडच्या परिघापर्यंत न्यायची. तेथे सप्तकोनाची पहिली बाजू मिळते. ती कंपासात धरून परिघावर फिरत जायचे. माझे सातवे टोक पहिल्या बिंदूवर कधीच पडले नाही. ते थोडे पुढे जाई, अगदी थोडे, पेन्सिलीच्या रेषेच्या जाडीहून जरा अधिक.

दरवेळी.

मी खोडून पुन्हा काढी. कागदाचे बूड निघून तो लोकरीसारखा होई. माझा हात कच्चा आहे, असे मी ठरवून टाकले होते. सर पाठीमागून येत, वाकून पाहत आणि म्हणत, "सूतभरही नाही गं, त्याहून कमीच आहे. सातांत वाटून घे." म्हणजे कंपास केसभर आवळायचा आणि पुन्हा एक फेरा मारायचा. असा दोन-तीनदा फेरा मारला की सप्तकोन मिटे. मला ती लबाडी वाटे. पद्धत अशी आहे, पायऱ्या अशा आहेत आणि शेवटी अंदाजाने आवळायचे, हे माझ्या सरळ मनाला पटत नसे. परीक्षेत ब श्रेणी मिळाली, आणि अ श्रेणी सप्तकोनामुळेच हुकली, असे मी पुढे अनेक वर्षे धरून चालले होते.

भूमिती तेथे कशी आली, हे मला फार उशिरा, वाचता वाचता कळले. स्वित्झर्लंडमध्ये पेस्टालोझी यांनी लहान मुलांच्या शिक्षणात अक्षरांच्या बरोबरीने रेषा, कोन आणि वक्र यांना स्थान दिले होते; मुलाने आधी आकार पाहायला, मोजायला आणि काढायला शिकावे, अशी त्यांची धारणा होती. पुढे 1851 च्या लंडनमधील मोठ्या प्रदर्शनानंतर तेथल्या राज्यकर्त्यांना आपल्या कारखान्यांतल्या मालाची नक्षी निकृष्ट आहे, ही चिंता लागली आणि हेन्री कोल व रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी लंडनच्याच साउथ केन्सिंग्टन भागात चित्रशिक्षणाचा एक क्रम बसवला. त्याच्या पायऱ्या होत्या 23. पहिली पायरी होती उपकरणांच्या साहाय्याने रेषा काढणे, म्हणजे भूमिती, यंत्रांची रेखाटने आणि यथादर्शन (दूर-जवळचे अंतर कागदावर दाखवण्याची रीत). मग छापील नमुन्यावरून बाह्यरेषा, मग प्लास्टरच्या ठोकळ्यांवरून आणि मूर्तींवरून, मग छायाप्रकाश, आणि रंग त्याच्याही नंतर. स्वतःची नक्षी रचण्याची परवानगी जवळजवळ अखेरच्या पायऱ्यांवर मिळे. शेवटची पायरी तांत्रिक अभ्यासाची होती. चित्रकार, गवंडी, विणकर, लोहार, शाळामास्तर या सगळ्यांनी या एकाच जिन्याने चढावे, अशी ती कल्पना होती. सरांचे "एका रेषेचे दोन धंदे" मला या यादीत पुन्हा भेटले. मात्र त्या वेळी मनात आनंदाबरोबर एक खटकाही होता, कारण हा जिना मुलांच्या आनंदासाठी बांधलेला नव्हता. मालाला उठाव यावा म्हणून बांधलेला होता.

मुंबईत सर जमशेदजी जीजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांतून 1857 साली कलाशाळा, म्हणजे आजची जे. जे., सुरू झाली. 1865 साली लॉकवुड किपलिंग तेथे शिकवायला आले आणि त्यानंतर थोड्याच काळात सजावटी चित्रकाम, मूर्तिकाम आणि घडीव लोखंडकाम असे तीन विभाग उभे राहिले. आज आपण ज्याला महात्मा फुले मंडई म्हणतो, तिच्या प्रवेशद्वारावरची उठावशिल्पे किपलिंग यांची आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या भिंतींवर दगडात कोरलेली पाने, पक्षी आणि प्राणी आहेत, त्यांत या शाळेतल्या विद्यार्थ्यांचा हात आहे. लोकलच्या गर्दीत मान वर करून ती पाने पाहताना मला नेहमी वाटते की, ज्याने ती रचली, त्याने आधी कुठल्यातरी बाकावर बसून वर्तुळाचे सात किंवा आठ भाग पाडले असणार. 1879 साली या शाळेत रेखाटनाचे शिक्षण हा विषय म्हणून आला आणि 1893 साली चित्रकला शिक्षक तयार करणारा वर्ग सुरू झाला. माझ्या सरांसारखी, खांद्याला शबनम आणि हातात गुंडाळलेला ड्रॉइंग पेपर घेऊन गावोगावच्या शाळांत गेलेली माणसे त्या परंपरेतली.

या शिक्षणात नकलेला फार मान होता आणि तो मला आजही पुरता पचत नाही. ग्रीक आणि रोमन मूर्तींचे प्लास्टरचे साचे समोर ठेवून कोकणातून, देशावरून आलेली मुले महिनोन्महिने त्यांच्या छटा घोटत. त्या नाकांशी आणि त्या केसांच्या वळणांशी त्यांचा काय संबंध होता? पण याच घोटण्यातून 1872 पासून या शाळेतले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर विद्यार्थ्यांच्या तुकड्या अजिंठ्याला गेल्या आणि तेरा-चौदा वर्षे हिवाळ्या-हिवाळ्यांत तेथल्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती काढत राहिल्या. अंधाऱ्या लेण्यात, खडबडीत भिंतीसमोर, दुसऱ्याची रेषा आपल्या हातातून जशीच्या तशी जाऊ देण्याचे काम होते ते. परक्या मूर्तींवर तयार झालेला हात आपल्याच मातीतल्या रेषेसमोर आला, तेव्हा त्या तरुणांना काय वाटले असेल, याची कल्पना मी पुष्कळदा करते. त्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच 1885 साली साउथ केन्सिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत जळाल्या. एवढ्या हातांची एवढी वर्षे धुरात गेली, हे वाचले त्या दिवशी मी पुस्तक मिटून बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिले होते.

दुसरा खटका याहून जवळचा आहे. कारागिरांना शिकवण्यासाठी म्हणून उघडलेल्या या वर्गांत पुढे कारकुनी-मास्तरकी करणाऱ्या घरांतली मुले अधिक येऊ लागली, आणि ज्यांच्या घरात रेषा पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती, त्यांचे ज्ञान परीक्षेच्या भाषेत बसेना. आमच्याकडे खिडकीची चौकट बसवायला आलेल्या सुतारकाकांनी चौकटीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली, मग दुसऱ्या जोडीला ताणली, दोन्ही मापे सारखी भरली तेव्हा म्हणाले, "गुण्यात आहे, बघा ताई." ओळंबा सोडून भिंत पाहणारा गवंडी, तीन-चार-पाच फुटांच्या खुणा करून पायाचा काटकोन काढणारा त्याचा जोडीदार, हे सगळे कर्तव्य भूमितीच करत असतात. "गुण्यात असणे", म्हणजे काटकोनात असणे, हा शब्दप्रयोग माझ्या मते मराठीतला भूमितीचा सर्वांत सुंदर शब्दप्रयोग आहे, आणि तो मला शाळेत कोणी शिकवला नाही. सुतारकाकांची मुलगी आमच्याच शाळेत होती. रविवारच्या तासाला ती कधी आली नाही, कारण परीक्षेची फी आणि रंगांची पेटी या दोन्हींचा खर्च तिच्या घरी परवडणारा नव्हता. हे मला तेव्हा दिसत होते आणि मी त्याबद्दल कधी काही बोलले नाही.

आमच्या शाळेत आठवीपासून टेक्निकलचा विभागही होता, पण तो मुलांचा. मुलींना शिवणकाम. अर्ज कोणी नाकारत नसे, कारण अर्ज करायची कल्पनाच कोणाला सुचू दिली जात नसे. तळमजल्यावरच्या त्या कार्यशाळेच्या खिडकीतून मी कितीतरी वेळा आत पाहिले आहे. शेगड्याच्या पकडीत धरलेली पट्टी, तिच्यावरून जाणारी कानस, रंध्यातून सुटणारी लाकडाची कुरळी साल आणि भिंतीवरच्या काचेच्या कपाटात ओळीने मांडलेले लाकडी सांध्यांचे नमुने. ते सांधे कशाचेच नव्हते. ना खुर्चीचे, ना पेटीचे. नुसते सांधे. मॉस्कोच्या तंत्रशाळेत 1868 च्या सुमारास व्हिक्टर डेला-व्हॉस यांनी अशी रीत बसवली होती की, विद्यार्थ्याने वस्तू करू नये. हत्यारागणिक, सांध्यागणिक सोप्याकडून अवघडाकडे जाणारे नमुने करावेत. फिलाडेल्फियाच्या 1876 च्या प्रदर्शनात ते नमुने मांडले गेले आणि तेथून ही रीत दूरवर पोहोचली. जवळपास त्याच काळात स्वीडनमध्ये ओटो सालोमोन यांचे म्हणणे अगदी उलट होते: मुलाने पहिल्या दिवसापासून घरात उपयोगी पडेल अशी पूर्ण वस्तू करावी, मग ती साधी पळी का असेना. मला सालोमोन यांचे पटते. पण हेही खरे की, काचेमागचे ते निरुपयोगी सांधे मला देवळातल्या मूर्तींसारखे वाटत आणि ते हातात घ्यायला मिळाले नाहीत, याचे दुःख अजून गेलेले नाही.

शिवणाच्या तासाला मी त्या रागाने जात असे. त्यामुळे तेथेही भूमितीच चालली आहे, हे मला पुष्कळ दिवस दिसलेच नाही. खाकी कागदावर छातीच्या मापाचा चौथा भाग घेऊन उभी-आडवी रेषा आखायची, गळ्याची खोली घ्यायची आणि मग मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतात तेथला, वक्र कोणत्याही उपकरणाशिवाय, नुसत्या मनगटाने काढायचा. शिवणाच्या बाई तो वक्र एका दमात काढत. सहा कळ्यांचा परकर बेतताना त्यांनी कापडाच्या त्रिकोणी कळ्या जमिनीवर गोलात मांडल्या आणि मी ओरडले, "बाई, हा तर षटकोन आहे!" त्या हसून म्हणाल्या, "आणि सात कळ्या केल्या तर कंबर बसत नाही." हे वाक्य त्यांनी सहज म्हटले होते.

ज्या वयात हे सगळे विषय वेगवेगळ्या मजल्यांवर, वेगवेगळ्या मुलांना वाटून दिलेले असतात, त्या वयात मला बडोद्याच्या कलाभवनाबद्दल कोणी सांगायला हवे होते. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात 1890 साली प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या त्या संस्थेत चित्रकला, वास्तुकाम, यंत्रविद्या, रंगाई आणि विणकाम एका छपराखाली होते. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके आधी मुंबईच्या जे. जे. मध्ये आणि मग या कलाभवनात शिकले. चित्र, मूर्ती, छायाचित्रण सगळे हाताळत, पुढे छपाईचा व्यवसाय करत करत 1913 साली ते 'राजा हरिश्चंद्र'पर्यंत पोहोचले. कॅमेऱ्याची फिल्म स्वतः भोके पाडून, धुऊन, जोडून तयार करणाऱ्या त्या माणसाला तंत्र कोठे संपले आणि कला कोठे सुरू झाली, असे कोणी विचारले असते, तर त्याने बहुधा हातातले काम थांबवलेही नसते.

सप्तकोनाचे खरे मला चाळिशीच्या आसपास कळले. गाउस या जर्मन गणितज्ञाने 1796 साली, वयाची एकोणीस वर्षे पूर्ण होण्याच्या उंबरठ्यावर, सतरा बाजूंची नियमित आकृती पट्टी आणि कंपासाने काढता येते हे दाखवले. आणि 1837 साली पिएर वांत्झेल या फ्रेंच गणितज्ञाने जे सिद्ध केले, त्यातून हे पक्के झाले की, सात बाजूंची आकृती या दोन उपकरणांनी तंतोतंत काढता येतच नाही. आम्ही शिकलेली रीत जवळपासची होती. मी कागद घेऊन हिशेब मांडला. नियमित सप्तकोनाच्या एका बाजूचा केंद्राशी होणारा कोन 51.43 अंशांचा असायला हवा. आमच्या रीतीने तो 51.52 अंशांचा येतो. पाच सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात सात पावलांनंतर सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा फरक राहतो. सूतभरही नाही, त्याहून कमी. हात कच्चा नव्हता. मी खोडून खोडून लोकर केलेले ते सगळे कागद बरोबर होते, आणि सरांचे "सातांत वाटून घे" ही लबाडी नव्हती. रीत जेथे संपते तेथून पुढे हाताने कसे जायचे, ते ते मला दाखवत होते. त्यांना वांत्झेल ठाऊक होता का, हे विचारायला ते आता नाहीत. कागद मात्र त्यांना ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भाचीच्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "काल मी तुला खोटं उत्तर दिलं." तिने पाहिले, पण कंपास खाली ठेवला नाही. तिला जे. जे. बद्दल, मंडईच्या दारावरच्या शिल्पांबद्दल, सुतारकाकांच्या दोरीबद्दल सांगावे, असे मनात होते. त्यातले थोडेसे सांगितलेही. पण तिचे लक्ष कागदावर होते, आणि ते योग्यच होते. ती परिघावर पावले टाकत होती, मनात मोजत, ओठ हलवत. पाच. सहा. सातवे टोक पहिल्या बिंदूच्या किंचित पुढे जाऊन पडले. तिचा चेहरा उतरला. "मावशी, चुकलं का गं माझं?" म्हणत तिने खोडरबराकडे हात नेला. मी तो हात धरला आणि कंपासाची चकती तिच्या बोटांखाली अगदी थोडी फिरवली.

"किती आवळू?" तिने विचारले.

मी म्हणाले, "तूच बघ."